चाचणी वापरकर्ता सात

टिळकवाडीत, पहिल्या रेल्वे गेटाजवळ
झेरॉक्सच्या दुकानावर आमची खोली.
पाच माणसं, चार खुर्च्या, आणि एक फोन,
ज्याला आम्ही शिकवतोय
मनाची विचारपूस कशी करावी ते.

माझं काम शब्दांचं.
वरून छापून आलेला प्रश्न
इथल्या तोंडात बसतो का, एवढंच बघायचं.

'गेल्या दोन आठवड्यांत आपणांस
किती वेळा उदासीन वाटले?'

वडगावात भरमव्वा कांड्या भरत होती.
'उदासीन म्हंजे? सरकारी फारमात असतंय ते?'
मग दोरा तुटला, तो जोडता जोडता म्हणाली,
'तसं काय नाही गे. नुसतं ब्यासर.
सकाळी उठतो, चहा ठेवतो, मागाकडं येतो,
आणि कशाला आलो तेच कळत नाही बघ.'

यंत्रानं लिहिलं : लिंग – पुरुष.
कारण ती उठतो म्हणते, येतो म्हणते,
जशी माझी आई म्हणायची,
जशी मीही म्हणायचे
पुण्याच्या हॉस्टेलवर मुली खदखदून हसेपर्यंत.

यंत्रानं लिहिलं : भाषा – मराठी,
मग कन्नड, मग नुसतं प्रश्नचिन्ह.
तिचं वाक्य एका भाषेत चढतं,
दुसरीत उतरतं,
मधे कुणी तिकीट मागत नाही.

डॉक्टर हुक्केरी म्हणाल्या, ब्यासर म्हणजे कंटाळाच की.
मी म्हटलं, मॅडम, कंटाळा येतो नि जातो,
ब्यासर पाट मांडून बसतं.
वीस मिनिटं भांडलो. चहावर साय धरली.
शेवटी कोष्टकात एक ओळ वाढली,
आणि तो दिवस मला
पगाराच्या दिवसापेक्षा बरा गेला.

इम्तियाजचा नियम :
चार सेकंदांवरची शांतता कोरी धरायची, कापायची.
भरमव्वाची अकरा सेकंद कापली गेली.
मी ती परत मागून घेतली, कानात घालून ऐकली.
तीन माग, शेजारचा कुकर,
आणि श्वास, आत घेतलेला,
बाहेर सोडल्याचं काही ऐकू येत नाही.

या सगळ्यात मी चाचणी वापरकर्ता सात.
प्रश्न नीट उमटतात का, बटण दबतं का,
एवढ्यासाठी शंभरदा तरी उत्तरं दिलीत :
झोप? छान.
भूक? नेहमीसारखी.
जगणं नकोसं वाटलं? कधीच नाही, कधीच नाही, पुढे.
अंगठ्याला पाठ झालंय.

मंगळवारी उशीर झाला.
गेट पडलेलं, मालगाडी संपता संपेना,
खाली रिक्षावाले इंजिन बंद करून उभे.
फोन विचारत होता, माझ्याच आवाजात,
(आवाजाला पैसे नव्हते म्हणून माझाच घेतलेला)
'ब्यासर झालंय का? किती दिवस झालं?'

इतक्या आपुलकीनं मी विचारलं होतं कधी?
रेकॉर्डिंगच्या दिवशी तर घसा बसला होता,
आणि मला घरी जायचं होतं.

बटणाशी गेलेला अंगठा मागे घेतला.
माईकचं चिन्ह दाबलं.
डबे मोजत राहिले, एकेचाळीस, बेचाळीस,
मग तोंडातून आपसूक निघालं,
'उठतो मी. जेवतो. कामावर येतो.
पण…'

गेट उघडलं. सगळे हॉर्न एकदम.

सकाळी इम्तियाज पडद्याकडे बघत म्हणाला,
'सात नंबरची नोंद बिघडलीय वाटतं.
लिंग पुरुष आलंय,
आणि शेवटी एकोणीस सेकंद काहीच नाही.
काढून टाकू?'

खाली झेरॉक्सचं यंत्र
कुणाच्या तरी रेशनकार्डाच्या प्रती काढत होतं.

राहू दे, मी म्हणालो.